आयसीयूत ईईजी काढायला जाताय? आधी बेडभोवती एक चक्कर मारा

ईईजी म्हणजे डोक्याला वायर लावून घेतलेली मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद. ओपीडीतला ईईजी आणि आयसीयूतला ईईजी हे एकच काम आहे असं वाटत असेल तर हे नक्की वाचा. लिहितेय मुख्यतः नवीन टेक्निशियन मुलामुलींसाठी, पण आयसीयूतल्या सिस्टर आणि रेसिडेंट डॉक्टरांनी वाचलं तरी उपयोग होईल. ओपीडीत पेशंट चालत येतो, केस धुवून येतो, डोळे मिटा म्हटलं की मिटतो. आयसीयूत तोंडात ट्यूब, मानेतल्या मोठ्या शिरेत सेंट्रल लाइनची नळी, कधी डोक्याला ड्रेसिंग, बाजूला पाच-सहा पंप, आणि यातली प्रत्येक वस्तू तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये काहीतरी घुसवते. मी पुण्यात हे काम करतेय त्याला चौदा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसलीय, की आयसीयूतला ईईजी अर्धा मशीनवर असतो आणि अर्धा बेडशेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांत, आणि हा दुसरा अर्धा लिहून ठेवला नाही तर पहिल्याचा अर्थच लागत नाही, कधी कधी तर उलटा लागतो.

आधी हे कशासाठी करायचं ते बघू. बेशुद्ध पेशंटला मेंदूत फिट चालू असते आणि बाहेरून काहीही दिसत नाही, हात हलत नाही, फार तर पापणी फडफडते किंवा डोळे एका बाजूला जातात, आणि घरच्यांना वाटतं झोपलाय. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी 2004 मध्ये 570 पेशंटचं सलग ईईजी मॉनिटरिंग छापलं होतं, त्यात 19 टक्के लोकांना फिट सापडली आणि त्या सापडलेल्यांपैकी 92 टक्क्यांना ती फक्त ईईजीवरच दिसत होती, अंगावर काहीच नाही. म्हणजे मशीन लावलं नसतं तर कळलंच नसतं. शिवाय हार्ट बंद पडून परत चालू झालेल्यांमध्ये मेंदू कितपत सावरतोय ते बघायला, सेडेशन (गुंगीचं औषध) किती खोल गेलंय ते बघायला, आणि पेशंट का जागा होत नाही याचं उत्तर शोधायलाही हाच ईईजी लागतो.

किती वेळ काढायचा यावर दर वेळी वाद होतो. वीस मिनिटांचा काढा आणि पुढच्या कॉलला जा, असं तुम्हालाही सांगतील, कारण बऱ्याच ठिकाणी मशीन एकच असतं आणि कॉल पाच. पण त्याच 570 जणांत ज्यांना फिट सापडली त्यातल्या निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना, म्हणजे 56 टक्क्यांना, ती पहिल्या तासात दिसली आणि 88 टक्क्यांना पहिल्या 24 तासांत. वीस मिनिटांत काही दिसलं नाही म्हणजे काही नाही असं धरता येत नाही. जमेल तिथे 24 तास, कोमातल्या पेशंटला 48 सुद्धा, आणि जमत नसेल तर निदान एक पूर्ण तास तरी मागून घ्या. या एका तासावरून पुढचा धोका मोजायची पद्धत आता आहे, तिला टू-हेल्प्स-टू-बी स्कोअर म्हणतात. त्यात आधी फिट येऊन गेलीय का, कुठे तीक्ष्ण लहरी दिसतात का, एका बाजूला ठरावीक अंतराने डिस्चार्ज येतात का, त्यांचा वेग 2 हर्ट्झच्या वर जातो का अशा गोष्टींना मार्क असतात, आणि स्कोअर शून्य आला तर फिट यायचा धोका 5 टक्क्यांच्या खाली असतो, तेव्हा मशीन काढून दुसऱ्या पेशंटला लावता येतं. मशीन कमी असलेल्या आपल्यासारख्यांना ही पद्धत फार कामाची आहे. तुमच्या न्यूरोलॉजिस्टना विचारून घ्या ते वापरतात का.

फोन आला की लगेच पळू नका

दोन मिनिटं विचारा. ईईजी कशासाठी हवाय, पेशंटला कुठलं सेडेशन चालू आहे, डोक्याचं ऑपरेशन झालंय का, कवटीचं हाड काढून ठेवलंय का, मानेला कॉलर आहे का, प्लेटलेट किती आहेत, आयसोलेशनमध्ये आहे का, आणि आज एमआरआयला न्यायचंय का. शेवटचा प्रश्न लोक विसरतात, आणि तासभर खपून एकवीस लीड (डोक्याला चिकटवायच्या वायरी) लावाव्यात आणि अर्ध्या तासात ट्रॉली येऊन उभी राहावी असं होतं. लीडच्या टोकाचे साधे मेटलचे कप एमआरआयमध्ये नेता येत नाहीत, काढावेच लागतात.

पोचलात की मशीन दारातच ठेवा आणि बेडभोवती एक चक्कर मारा. डोक्याच्या बाजूने सुरुवात करा: ड्रेसिंग कुठे आहे, टाके कुठे आहेत, ड्रेन आहे का, कुठली बाजू सुजलीय. मग व्हेंटिलेटर, ट्यूबमध्ये पाणी साचलंय का. मग पंप एकेक करून. पंपावर 5 लिहिलंय म्हणजे 5 काय ते सिस्टरना विचारा, कारण ताशी 5 एमएल हा आकडा डायल्यूशन माहीत नसेल तर रिपोर्ट वाचणाऱ्याला काहीच सांगत नाही, 50 एमएलमध्ये किती मिलिग्रॅम टाकलंय तेही लिहायचं. मिडाझोलाम, प्रोपोफॉल, फेंटानिल, शेवटचा बोलस (एकदम दिलेला डोस) किती वाजता दिला, फिटचं औषध कुठलं आणि लोडिंग (सुरुवातीचा मोठा डोस) झालंय का. अँटिबायोटिक पण लिहा, विशेषतः सेफेपिम, कारण किडनी चालत नसलेल्या पेशंटमध्ये ते साठून राहतं आणि ईईजी असा काही बिघडवतं की फिट आहे का औषधाचा परिणाम असा प्रश्न पडतो. मग टेम्परेचर, बीपी, जीसीएस म्हणजे शुद्धीचा स्कोअर. डायलिसिस चालू आहे का. बेडवर हवेची गादी आहे का, तिचा पंप कुठे आहे. हे सगळं रेकॉर्डिंगच्या पहिल्या पानावर जायला हवं. पाच मिनिटं जातात. नंतरचा तास त्या पाच मिनिटांमुळे वाचतो.

मग नातेवाईक. बाहेर बसलेल्यांना सिस्टर सांगतात डोक्याला वायर लावणार, आणि आपल्याकडे वायर म्हटलं की लोकांच्या मनात पहिला शब्द येतो तो म्हणजे शॉक. मी दर वेळी स्वतः बाहेर जाऊन सांगते, की काका, यातून डोक्यात काही सोडत नाहीत, मेंदूत जो करंट आधीच आहे तो फक्त मोजतात, ईसीजीसारखंच. एवढं सांगितलं तरी माणसाचा चेहरा उतरलेला असतो तो थोडा सावरतो. व्हिडिओ पण चालू राहणार असेल तर तेही सांगा आणि कोण बघणार ते सांगा. केस कापायची गरज नसते, अगदीच गुंता असेल आणि थोडे कापावे लागणार असतील तर आधी विचारा, विशेषतः बाईच्या केसांना न विचारता कात्री लावू नका. आणि याच वेळी एक गोष्ट विचारून घ्या, घरी पेशंटला काय नावाने हाक मारतात. याचा उपयोग पुढे सांगते.

कपाळावर पुष्कळदा अंगारा किंवा कुंकू लावलेलं असतं आणि फ्रंटल लीड नेमक्या तिथेच बसतात. सरळ पुसून टाकू नका. घरच्यांना सांगा की इथे वायर चिकटवायचीय, तुम्हीच पुसता का, किंवा मी ओल्या गॉजने पुसू का, अंगाऱ्याची पुडी उशीखाली ठेवली तर चालेल का हे सिस्टरना विचारते. आजपर्यंत मला एकानेही नाही म्हटलेलं नाही. तेलाचं मात्र नीट बघा, भेटायच्या वेळेत आई-मावशी प्रेमाने खोबरेल चोपडून जातात आणि तेलावर पेस्ट टिकत नाही, लीड तासाभरात सुटते. केसांच्या मुळाशी स्पिरिटच्या गॉजने पुसा, पूर्ण वाळू द्या, मग मोजायला घ्या. आणि लीड आहेत तोवर तेल नको हे त्यांना समजावून सांगा.

मोजणं आणि चिकटवणं

टेप वापरा. अंदाजाने लावू नका, बेशुद्ध पेशंटला तर अजिबातच नाही, कारण डावी-उजवी तुलना हाच अर्धा रिपोर्ट असतो आणि एक लीड दोन सेंटिमीटर सरकली की एका बाजूची लहर उगाच लहान दिसते. पद्धत तीच टेन-ट्वेंटी, 1958 पासून चालत आलेली. नाकाच्या मुळाशी जो खळगा आहे तिथून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत मोजा. समजा 36 सेंटिमीटर आलं, तर पुढून 3.6 वर पहिली खूण, मग प्रत्येकी 7.2 ने पुढे, म्हणजे 10.8, 18, 25.2 आणि 32.4. मधली 18 ची खूण कानापुढच्या एका खळीपासून दुसऱ्या खळीपर्यंतच्या मापाच्याही बरोबर मध्यावर यायला हवी, तो सीझेड. लीडच्या नावांत डावीकडे विषम आकडे, उजवीकडे सम.

अडचण मोजण्यात नसते, डोकं फिरवण्यात असते. पेशंट इंट्युबेटेड असेल, म्हणजे श्वासनळीत ट्यूब असेल, तर एकटीने डोकं उचलू नका, सिस्टर किंवा ब्रदरना ट्यूब धरायला सांगा, एका कुशीला वळवून मागच्या लीड लावा मग दुसऱ्या. कॉलर असेल आणि मानेचं हाड मोडलंय का हे अजून क्लिअर झालेलं नसेल तर डोकं फिरवायचंच नाही, डॉक्टरांना विचारा, मागच्या लीड राहिल्या तर राहू द्या आणि तसं लिहा. जिथे ड्रेसिंग किंवा टाके आहेत तिथे लीड जवळच्या मोकळ्या जागेवर सरकवा, पण तेवढीच दुसऱ्या बाजूची पण सरकवा म्हणजे दोन्ही सारख्या राहतील. आणि कवटीचं हाड काढलेलं असेल तर त्या बाजूच्या लहरी मोठ्या आणि टोकदार दिसतात, हाड नसल्यामुळे, तिथे मेंदू बिघडलाय म्हणून नाही. वाचणाऱ्याला हाड कुठून काढलंय ते माहीत हवं, तेव्हा साधं चित्र काढून त्यातल्या कवटीवर रेघ मारा, फार वेळ लागत नाही.

त्वचा घासताना हात हलका ठेवा. घासायच्या जेलने कापसाच्या काडीवर घेऊन चार-पाच वेळा, बस. आयसीयूतल्या पेशंटची त्वचा सुजलेली, पातळ झालेली असते, प्लेटलेट कमी असतील तर रक्त येतं. इम्पिडन्स, म्हणजे कप आणि त्वचा यांच्यातला विजेचा अडथळा, 5 किलोओहमच्या खाली आणायचा आपला जुना नियम आहे, आता 10 पर्यंत चालतं असंही मानतात, आणि माझं मत विचाराल तर आकड्यापेक्षा सगळ्या लीड एकमेकींच्या जवळपास असणं जास्त महत्त्वाचं, एक 2 वर आणि शेजारची 15 वर असेल तर विजेच्या लाइनची 50 हर्ट्झची घरघर येणारच. सगळे कप एकाच धातूचे घ्या, सोन्याचे तर सगळे सोन्याचे, सिल्व्हर क्लोराइड तर सगळे तेच. पेस्ट कपाच्या कडेपर्यंत, त्याहून जास्त नको. पेस्ट पसरून दोन लीड एकमेकींना चिकटल्या की त्या दोघींमध्ये फरकच उरत नाही आणि ट्रेस सपाट दिसतो, आणि आयसीयूत सपाट दिसणं म्हणजे काय हे सांगायला नको. इम्पिडन्स 100 ओहमच्या खाली दिसला तर खूश होऊ नका, पेस्ट कुठे जोडली गेलीय का ते बघा.

चोवीस तासांसाठी कोलोडियन (लीड चिकटवायचा द्रव) चांगलं टिकतं पण ते पेट घेतं आणि वास उग्र, ऑक्सिजन मोकळा चालू असलेल्या पेशंटजवळ मी ते वापरत नाही, पेस्टवर गॉजचा छोटा चौकोन आणि वरून बँडेज. वायरी सगळ्या एकत्र करून डोक्याच्या वरच्या बाजूने न्या, छातीवरून नको. ईसीजीची लीड लावायलाच हवी, ती लावली नाही तर पुढचा अर्धा लेख तुमच्या कामाचा नाही.

ग्राउंड एकच. पेशंटला आधीच बाकी मशीन जोडलेली असतात, तुम्ही दुसरं ग्राउंड हातापायाला लावू नका, कपाळावरचंच एक पुरे, कारण दोन ग्राउंडमधून पेशंटच्या अंगातून करंट वाहायची वाट तयार होते, आणि सेंट्रल लाइन असलेल्या माणसात तर थोडासा करंटही हृदयापर्यंत जाऊ शकतो. मशीन भिंतीतल्या तीन पिनच्या सॉकेटमध्ये, तेही बाकीच्या मशीन जिथे लावल्यात त्याच बाजूच्या. एक्स्टेंशन बोर्ड नको. सॉकेट रिकामं नाही म्हणून दुसऱ्या कुठल्या मशीनची पिन काढू नका, सिस्टरना विचारल्याशिवाय एकही नाही.

सेटिंग, थोडक्यात

सेन्सिटिव्हिटी 7 मायक्रोव्होल्ट पर मिलिमीटरपासून सुरू करा, लहरी लहान असतील तर 5, 3, लो फिल्टर 1 किंवा 0.5, हाय फिल्टर 70. सॅम्पलिंग 256 किंवा जास्त. बाहेरून आलेल्या काही मशीनमध्ये नॉच (विजेच्या लाइनची घरघर गाळणारा फिल्टर) 60 वर असतो, आपल्याकडे 50 हवा. पण मी सुरुवातीला नॉच बंदच ठेवते, कारण 50 हर्ट्झ दिसणं म्हणजे कुठली लीड ढिली आहे ते मशीन तुम्हाला सांगतंय, नॉच लावला की ते दिसेनासं होतं आणि लीड मात्र ढिलीच राहते. तसंच मसल, म्हणजे स्नायूंच्या लहरी, फार येतंय म्हणून हाय फिल्टर 15 वर आणू नका, मसलचे काटे बोथट होऊन अगदी मेंदूच्या लहरीसारखे दिसायला लागतात.

मेंदूतून न आलेल्या लहरी

इथे मी जास्त बोलणार आहे कारण आयसीयूत चुका इथेच होतात.

मला एक पेशंट अजून आठवतो, साधारण साठीचे गृहस्थ, रात्रभर रेकॉर्डिंग लावलं होतं आणि मी घरी गेले होते. सकाळी सहाच्या सुमाराला डोक्याच्या मागच्या लीडमध्ये चाळीसेक सेकंद एकसारखी ठेक्यातली लहर आली, थांबली, परत आली, परत थांबली. कॅमेऱ्यासमोर पडदा ओढलेला. एकही नोंद नाही. वाचणाऱ्या डॉक्टरांना फिटची शंका आली, त्यांच्या जागी कोणालाही आली असती, औषध वाढवलं, आणि ते गृहस्थ आणखी दीड दिवस गुंगीत राहिले. नंतर शिफ्ट बदलल्यावर कळलं की त्या वेळी छातीची फिजिओ चालू होती, पाठीवर हाताने ठोकत होते. एका ओळीची नोंद असती तर. तेव्हापासून रात्री लावलेल्या प्रत्येक रेकॉर्डिंगजवळ मी एक पॅड आणि दोरीने बांधलेलं पेन ठेवते, आणि सिस्टरना आणि फिजिओवाल्यांना हात जोडून सांगते की फक्त वेळ आणि दोन शब्द लिहा, "6.10 ठोकणं", "2.30 सक्शन", "4.00 कूस बदलली". सिस्टरना किती काम असतं हे मला माहीत आहे, म्हणून वाक्य नाही मागत, दोन शब्द मागते, आणि त्या लिहितात.

बाकीचे नेहमीचे. व्हेंटिलेटरच्या ट्यूबमध्ये पाणी साचलं की ते प्रत्येक श्वासाबरोबर खुळखुळतं आणि ईईजीत जलद काट्यांचे छोटे झुपके येतात, श्वासाच्या ठेक्यात. ट्यूबकडे बघा, सिस्टरना पाणी काढायला सांगा, गेलं तर तेच होतं. डायलिसिसच्या रोलर पंपाची लहर मशीनच्या फिरण्याबरोबर चालते, त्याचा स्पीड लिहून ठेवा. हवेच्या गादीचा पंप दोन मिनिटं बंद करून बघता येतो, पण विचारून. लीड एखाद्या रक्तवाहिनीवर बसली तर प्रत्येक ठोक्यामागे एक मंद लहर येते, ती एकाच लीडमध्ये असते आणि ईसीजीच्या किंचित मागे असते, लीड सेंटिमीटरभर सरकवली की जाते. ईसीजी स्वतःही सगळीकडे झिरपतो, जाड मानेच्या पेशंटमध्ये जास्त, आणि एट्रियल फिब असेल तर तो ठेका अनियमित होतो आणि फसवतो, म्हणून ती ईसीजीची लीड. अंगात कापरं असेल, थंडी वाजत असेल तर हात हलका धरून ठेवा, लहर थांबली तर ती कापऱ्याची. ताप उतरून घाम फुटला की ट्रेस हेलकावे खातो, कपाळ पुसा, जमलं तर एसी थोडा वाढवायला सांगा.

मसल खूपच येत असेल तर डॉक्टर कधी कधी स्नायू ढिले करायचं औषध देतात, व्हेंटिलेटरवरच्या पेशंटला, आणि ते फक्त त्यांनीच ठरवायचं. त्याने मेंदूच्या लहरी बदलत नाहीत पण अंगाचं हलणं बंद होतं, म्हणजे फिट अंगावर दिसायची ती पण दिसत नाही. कुठलं औषध आणि किती वाजता, लिहा.

ओळखायची एक साधी रीत आहे. मेंदूतली लहर शेजारच्या लीडमध्ये थोडी थोडी पसरते, मध्ये मोठी आणि कडेला लहान. एकाच लीडमध्ये एकदम उभी उडी आणि शेजारी काहीच नाही, ती लीड सुटलीय, पेस्ट वाळलीय. आणि खरी फिट बहुतेक वेळा बदलत जाते, वेग बदलतो, आकार बदलतो, जागा पसरते. एकाच ठेक्यात, एकाच उंचीवर सुरू होऊन तशीच बंद होणारी गोष्ट दिसली की स्क्रीनकडे नाही, बेडकडे बघा.

हाक मारा

प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये निदान एकदा, लांबलं तर रोज एकदा, पेशंटला उठवायचा प्रयत्न करायचा आणि प्रत्येक वेळी मार्क टाकायचा. हार्ट बंद पडून परत आलेल्या पेशंटमध्ये तर मेंदू बाहेरच्या गोष्टीला प्रतिसाद देतो का हा फार मोठा प्रश्न असतो आणि त्याचं उत्तर तुम्ही नीट हाक मारली का यावर अवलंबून असतं.

आधी अर्धा मिनिट कोणी हात लावायचा नाही, सगळं शांत. मग कानाजवळ जाऊन हाक. फाइलवरचं पूर्ण नाव घेऊन नाही, घरचं नाव. "आबा", "माई", "बाळू", जे त्यांनी सांगितलं ते, आणि घरी ज्या भाषेत बोलतात त्या भाषेत. फाइलवरच्या नावाने काहीच झालं नाही आणि घरच्या नावाने लहर बदलली असं मी स्वतः पाहिलंय. मग टाळी. मग खांद्याला हात लावून हलवा. मग डोळे हाताने उघडा आणि मिटा. शेवटी वेदना, नखावर पेन दाबून, दोन्ही हातांना, आणि मणक्याला मार असेल किंवा हातापायाची संवेदना गेली असेल तर नाकात कापसाच्या काडीने गुदगुली, कारण तिथला निरोप मानेतून जात नाही. प्रत्येकामध्ये वीस-तीस सेकंद सोडा. प्रत्येक वेळी काय केलं आणि पेशंटने काय केलं, दोन्ही लिहा: "उजवं नख, हात ओढला", "हाक, काही नाही". लहर लहान झाली, वेग वाढला, किंवा उलट मंद होऊन मोठी झाली, बदल कुठलाही असो, मोजला जातो. आणि काही पेशंटमध्ये सक्शन केलं किंवा चिमटा घेतला की फिटसारखा ठेका सुरू होतो, उत्तेजन दिलं की येतो, सोडलं की जातो, तेव्हा सक्शनची वेळ लिहिलेली असणं किती महत्त्वाचं ते लक्षात येईल.

फिटचं इंजेक्शन देऊन बघायचं ठरलं, तर देण्याआधी पाच मिनिटं, देताना आणि नंतर निदान दहा मिनिटं रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि पेशंट हाकेला ओ देतो का ते पुन्हा पुन्हा बघा. नुसत्या लहरी गेल्या एवढ्याने ती फिट होती असं ठरत नाही, लिव्हर-किडनी बिघडल्यामुळे येणाऱ्या लहरीसुद्धा मिडाझोलामने जातात. लहरी गेल्या आणि माणूसही सुधारला, तर गोष्ट वेगळी.

कधी फोन करायचा

रिपोर्ट आपण देत नाही पण धोक्याची घंटा आपणच वाजवायची असते. ठेका 2.5 हर्ट्झच्या वर आणि दहा सेकंदांहून जास्त, किंवा ठेका बदलत पसरत चाललाय, फोन करा. सलग दहा मिनिटं चालला किंवा तासातली एकूण बारा मिनिटं झाली तर तो स्टेटस, म्हणजे न थांबणारी फिट, धरतात, एवढं होईपर्यंत वाट बघायची नसते. एक बाजू अचानक मंद झाली, किंवा सगळंच अचानक सपाट झालं, तर आधी बीपी, सॅच्युरेशन आणि सेडेशनचा बोलस बघा, मग लगेच बेडजवळच्या डॉक्टरांना आवाज द्या. न्यूरोलॉजिस्टचा नंबर नंतर. हृदयाला डीसी शॉक द्यायची वेळ आली तर पटकन वायरीचा जोड सोडवा, नाही जमलं तर बाजूला व्हा, कोणालाही थांबवू नका.

पूर्ण सपाट ईईजीचं वेगळं बघावं लागतं. आपल्याकडे 1994 च्या कायद्याप्रमाणे मेंदू-मृत्यू ठरवायला ईईजी लागत नाही, ते बेडसाइड तपासण्यांवर ठरतं, सहा तासांच्या अंतराने दोनदा, चार डॉक्टरांच्या पॅनेलने. तरी ईईजी मागितला तर तो पूर्ण नियमाने काढा: सेन्सिटिव्हिटी 2 मायक्रोव्होल्ट पर मिलिमीटर, लीडमध्ये अंतर 10 सेंटिमीटर किंवा जास्त, इम्पिडन्स 100 ओहम ते 10 किलोओहमच्या मध्ये, निदान 30 मिनिटं, वेदना देऊन बघितलेलं, आणि प्रत्येक लीडला बोटाने टिचकी मारून तिची स्क्रीनवरची उडी रेकॉर्डमध्ये दिसायला हवी, म्हणजे वायर जिवंत आहे हे सिद्ध होतं. शरीर गार पडलेलं असेल किंवा थायोपेंटोनसारखं गुंगीचं औषध अंगात असेल तर सपाट ट्रेसवरून काहीच म्हणता येत नाही, दोन्ही ठळक लिहा. बाहेर येताना नातेवाईक विचारतात, "ताई, मेंदू चालू आहे ना?" याचं उत्तर आपल्याकडे नाही आणि चेहऱ्यावरूनही द्यायचं नाही. मी थांबते, बसते दोन मिनिटं, आणि सांगते की रेकॉर्डिंग नीट झालंय, डॉक्टर आजच बघणार आहेत आणि ते स्वतः तुमच्याशी बोलतील. आणि मग डॉक्टरांना जाऊन सांगते की बाहेर त्यांची वाट बघतायत. हे दुसरं करायला विसरू नका.

लांबलं तर

रोज दोनदा इम्पिडन्स बघा, सुटलेल्या लीड परत लावा, कॅमेरा पेशंटकडेच आहे ना ते बघा. रोज एकदा प्रत्येक कपाखालची त्वचा बघायची, कपाळावरच्या आणि डोक्यामागच्या विशेष करून, कारण पेशंट त्या कपांवरच पडून असतो आणि बीपीची औषधं चालू असतील तर तिथे जखम व्हायला दोन दिवस पण लागत नाहीत. लाल दिसलं तर कप बाजूला सरकवा, दोन्ही बाजूंचा सारखा, आणि वेळ लिहा.

काढताना ओढू नका. कोमट पाण्याच्या गॉजने भिजवा, मिनिटभर थांबा, कप आपोआप सुटतो. केसांतली पेस्ट कोमट पाण्याने पुसून काढा, विंचरून द्या, वाळलेली पेस्ट डोक्यात राहिली की टोचते आणि पेशंटला सांगता येत नाही. आयसोलेशनमधले कप शक्यतो एकदा वापरून टाकायचेच घ्या, लीड जोडायचा हेडबॉक्स आधीच प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून न्या, आणि वायरी, कीबोर्ड, ट्रॉलीची चाकं पण पुसूनच पुढच्या बेडकडे जा. त्वचेवर कुठे खूण राहिली असेल तर सिस्टरना दाखवून त्यांच्या चार्टमध्ये लिहायला सांगा. बेडजवळच्या पॅडवरची पानं फाडून रेकॉर्डिंगच्या फाइलला लावा, आणि नवीन कोरं पॅड पुढच्या पेशंटसाठी मशीनच्या ट्रेमध्ये टाकून ठेवा.